सोडणे आणि सुटणे : पवनार, नोव्हेंबर १९८२

मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाबद्दल बोलताना मराठीत दोन क्रियापदे वापरली जातात. ‘आजीने अन्न सोडले’ असे घरातला एक जण सांगतो, ‘आजीचे अन्न सुटले’ असे दुसरा सांगतो, आणि पुष्कळदा दोघेही एकाच आजीबद्दल आणि एकाच आठवड्याबद्दल बोलत असतात. पहिल्या वाक्यात आजी काहीतरी करते. दुसऱ्या वाक्यात ते आपोआप होते आणि आजी फक्त तिथे असते. सोडायला निश्चय लागतो, सुटायला वेळ यावी लागते. विनोबा भावे यांच्या मृत्यूचा अभ्यास करताना मी या दोन क्रियापदांपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबलो. ती आत्महत्या होती की समाधी, या ठरलेल्या वादापेक्षा या दोन शब्दांमधल्या अंतरातून त्या मृत्यूकडे अधिक नीट पाहता येते, असे माझे मत झाले आहे.

आधी घटना सांगतो. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबांचा आश्रम आहे. १९५९ मध्ये तिथे त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले, आणि सामूहिक साधना करणाऱ्या स्त्रियांनी ते चालवावे अशी योजना केली. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी तिथेच काढली. ५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांना ताप आला आणि पाठोपाठ हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी त्यांचे वय ८७ होते. डॉक्टर आले, उपचार सुरू झाले आणि प्रकृतीत थोडी सुधारणाही दिसू लागली. त्यानंतर ८ नोव्हेंबरच्या रात्रीपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध ही तिन्ही घेणे थांबवले. आग्रह झाला, विनवण्या झाल्या, परंतु त्यांनी ते मानले नाही, आणि सक्तीने नळी घालण्याचा मार्गही कोणी पत्करला नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या अमावास्येला, सकाळी त्यांचे निधन झाले. ही तिथी महावीरांच्या निर्वाणाची मानली जाते. अंत्यविधीला तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या, आणि पुढच्या वर्षी विनोबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

या प्रकरणाची अडचण ५ ते ८ नोव्हेंबर या तीन दिवसांत आहे. उपचार निरुपयोगी ठरले आणि म्हणून ते थांबवले, असे घडले असते तर वादाला फारशी जागा राहिली नसती. इथे उपचार काही प्रमाणात लागू पडत होते. त्यामुळे ‘अन्न सुटले’ असे म्हणायला वैद्यकीय आधार पुरेसा नाही, आणि ‘अन्न सोडले’ असे म्हटले की प्रश्न उभा राहतो : जगण्याची शक्यता असताना सोडले, मग ते कशासाठी? विनोबांचे चाहते हा प्रश्न सहसा टाळतात. त्यांचे टीकाकार तो विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. उत्तर त्या तीन दिवसांत सापडणारे नाही. त्यासाठी मागे जावे लागते, तेही बरेच मागे.

मागच्या मरणांकडे

२४ ऑक्टोबर १९१८ रोजी, इन्फ्लुएंझाच्या साथीत, विनोबांच्या आई रुक्मिणीबाई बडोद्यात वारल्या. विनोबा तेव्हा २३ वर्षांचे होते आणि दोन वर्षांपूर्वी घर सोडून गांधींच्या आश्रमात गेले होते. आईचे अंत्यविधी आपण स्वतः करू, त्यासाठी भटजींची गरज नाही, असे त्यांनी सांगितले. घरच्यांना ते मान्य झाले नाही. तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत. स्नान करून वेदांच्या अध्ययनाला बसले. आईवर त्यांचा जीव किती होता हे त्यांच्या बोलण्यातून पुढे आयुष्यभर दिसत राहिले, त्यामुळे ही कृती कोरडेपणाची नव्हती. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटू नये. मृताला पुढची गती मिळावी म्हणून जिवंतांनी करायचे म्हणून जे विधी सांगितले जातात, त्यांच्यावर या मुलाने आईच्या बाबतीतही भिस्त ठेवली नाही. मेल्यानंतर दुसऱ्याने काय करावे यापेक्षा, मरणाऱ्याने आधी काय केले आहे यालाच त्याच्या लेखी महत्त्व होते, असा माझा निष्कर्ष आहे, आणि पुढच्या प्रसंगांतून तो पक्का होत जातो.

१९४७ मध्ये वडील नरहरपंत धुळ्यात, विनोबांचे धाकटे बंधू शिवाजीराव यांच्याकडे असताना, निवर्तले. अस्थी नाशिकला गोदावरीत सोडाव्यात असे सुचवण्यात आले. नदीचे पाणी अस्थींनी मलिन करण्याचा आपल्याला काय अधिकार, असा प्रश्न विनोबांनी केला. शेवटी घराजवळच खड्डा खणून रक्षा मातीत पुरण्यात आली आणि तिथे तुळस लावण्यात आली. ‘भस्मान्तं शरीरम्’ हे ईशावास्य उपनिषदातले वचन, ज्या उपनिषदावर विनोबांनी स्वतः वृत्ती, म्हणजे टीका, लिहिली, इथे शब्दशः आचरणात आले असे म्हणता येईल. शरीराची गोष्ट राखेपाशी संपते आणि राखेची जागा मातीत असते.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पवनारच्या धाम नदीत, म्हणजे विनोबांच्या अगदी दारात, विसर्जित झाला. तिथे आजही छत्री उभी आहे आणि दर वर्षी त्या दिवशी मेळा भरतो. मी याला विसंगती म्हणणार नाही. ज्याच्या अस्थींवर साऱ्या देशाने हक्क सांगितला आहे अशा माणसाच्या बाबतीत एकट्या शिष्याच्या तर्काला मर्यादा असतात. पण वडिलांची राख मातीत आणि गुरूची राख नदीत, अशी दोन्ही मरणे पाहिलेला माणूस आपल्या मरणाकडे कसा पाहील, याचे कुतूहल मात्र वाटते.

चौथा प्रसंग स्वतः विनोबांच्या जिवावर बेतलेला आहे, आणि १९८२ समजून घेण्यासाठी मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भूदानाच्या पदयात्रेत, डिसेंबर १९५२ मध्ये, तेव्हाच्या बिहारमधील चांडील येथे त्यांना घातक स्वरूपाचा मलेरिया झाला. औषध घ्यायला त्यांनी नकार दिला. सारे देवावर सोपवावे अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या प्राणांची चिंता लागलेल्या लोकांनी देशभरातून विनवण्या केल्या, आणि अखेर त्यांनी औषध घेतले. ते बरे झाले आणि पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ चालत राहिले. (त्याच डिसेंबरात मद्रासमध्ये पोट्टी श्रीरामुलू स्वतंत्र आंध्र राज्याच्या मागणीसाठी उपोषण करत होते. ५८ दिवसांनंतर त्यांचा मृत्यू झाला आणि पाठोपाठ राज्याची घोषणाही झाली. अन्न न घेता मरणे म्हणजे काय, याची दोन टोकांची उदाहरणे एकाच महिन्यात देशासमोर होती.)

१९५२ मध्ये आग्रहाला मान देणारे विनोबा १९८२ मध्ये तशाच आग्रहापुढे का नमले नाहीत? हट्ट वाढला असे म्हणणे सोपे आहे, पण मधल्या तीस वर्षांत त्यांनी काय काय सोडले याची यादी पाहिली की ते स्पष्टीकरण अपुरे वाटू लागते. १९५१ मध्ये सुरू झालेली पदयात्रा १९६४ मध्ये पवनारला परत आल्यावर थांबली. ७ जून १९६६ रोजी, गांधींच्या पहिल्या भेटीला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांनी स्थूल कार्यातून निवृत्त होऊन सूक्ष्मात प्रवेश करत असल्याचे जाहीर केले. १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनारच्या बाहेर जाणे थांबवले. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले. आधी चालणे गेले, मग काम, मग भूमी, मग काही काळ वाणी. या ओळीत अन्नपाणी शेवटचे होते. १९५२ मध्ये हातात अर्धवट काम होते आणि लोकांना त्यांची गरज होती. १९८२ मध्ये हातात काही उरलेले नव्हते, आणि ते तसे उरू नये यासाठी त्यांनी स्वतःच वर्षानुवर्षे प्रयत्न केले होते.

पुढे काय, याचे त्यांचे उत्तर

मृत्यूनंतर काय, या प्रश्नाचे विनोबांचे उत्तर त्यांच्या धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचनांत आहे. १९३२ मध्ये दर रविवारी दिलेली ही प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली आणि पुढे ‘गीता प्रवचने’ या नावाने ती घराघरांत पोचली. त्यातल्या आठव्या अध्यायाच्या प्रवचनाचा विषय ‘प्रयाणसाधना’ हा आहे. शेवटच्या क्षणी माणूस ज्या भावाचे स्मरण करत देह टाकतो त्या भावाला तो जाऊन मिळतो, असे गीता म्हणते. या श्लोकाचा सवंग अर्थ असा लावला जातो की आयुष्यभर काहीही करावे आणि शेवटी तोंडात गंगाजल व नारायणाचे नाव आले की काम झाले. विनोबा नेमके उलट दाखवतात. शेवटच्या क्षणी काय आठवेल हे त्या क्षणी ठरवता येत नाही. आयुष्यभर जे गिरवले तेच वर येते. म्हणून शेवटच्या क्षणाची तयारी रोजच्या क्षणात करावी लागते. मृत्यूच्या विचाराला माणूस कसा टाळतो याचे त्यांनी तिथे चांगले वर्णन केले आहे, आणि एकनाथांची गोष्टही सांगितली आहे : तुम्हाला पापाचा विचार शिवत नाही हे कसे, असे विचारणाऱ्या माणसाला नाथांनी ‘तू सात दिवसांनी मरणार’ असे सांगितले, आणि सात दिवसांनंतर ‘या दिवसांत किती पापे केलीस?’ असे विचारले. मरण समोर उभे असता पापाला सवड कुठून मिळणार, हे त्या माणसाला तेव्हा उमगले.

सात दिवसांचा हा आकडा आपल्या परंपरेत आणखी एका ठिकाणी येतो. तक्षकाच्या दंशाने सातव्या दिवशी मृत्यू येणार हे कळल्यावर परीक्षित राजा गंगेकाठी प्रायोपवेशनाला, म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडून, बसला आणि त्याने भागवत ऐकले. ८ ते १५ नोव्हेंबर हे अंतरही सात दिवसांचे आहे. या योगायोगाला मी काही अर्थ चिकटवणार नाही, कारण अन्नपाण्यावाचून अशक्त वृद्ध शरीर साधारण एवढेच टिकते आणि त्याचे कारण शरीरशास्त्रात आहे.

म्हणजे ‘पुढे काय’ या प्रश्नाला विनोबांनी स्वर्गाचा नकाशा काढून उत्तर दिलेले नाही. पुढे जे असेल ते इथल्याच सवयीचे पुढचे पाऊल असेल, एवढेच त्यांच्या मांडणीतून निघते. पुनर्जन्म मानणाऱ्याला हे पटेल, आणि न मानणाऱ्यालाही यातला मानसशास्त्रीय भाग नाकारता येणार नाही. झोप ही रोजची मरणाची तालीम आहे, असे ते म्हणत. दिवसभराचा हिशेब मिटवून, नामस्मरण करत झोपावे, म्हणजे शेवटच्या झोपेला वेगळे काही करावे लागणार नाही. गांधींच्या आश्रमांतल्या सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हणतात, आणि त्यांतल्या शेवटच्या श्लोकात ‘अन्तकालेऽपि’ हा शब्द येतो. सहासष्ट वर्षे ज्याने ही प्रार्थना ऐकली आणि म्हटली, त्याला अंतकाळ हा शब्द संध्याकाळच्या दिव्याइतका परिचयाचा असणार.

जैन विचाराचे ऋण इथे मान्य करायला हवे. महावीरांच्या निर्वाणाच्या २५०० व्या वर्षाच्या निमित्ताने सर्व पंथांना मान्य होईल असा जैन वचनांचा संग्रह तयार व्हावा, असा आग्रह विनोबांनी धरला आणि त्यातून ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. सल्लेखना किंवा संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडत जाऊन मृत्यू स्वीकारणे, या व्रताचे नियम वाचताना त्याचे बारकावे चकित करतात. न टळणारे संकट, दुष्काळ, वार्धक्य, ज्यावर उपाय नाही असा रोग, अशाच स्थितीत हे व्रत घ्यावे असे समंतभद्राचार्यांनी सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात या व्रताचे पाच दोष दिले आहेत : जगण्याची आशा, मरणाची आशा, मित्रांविषयीचा ओढा, भोगलेल्या सुखांची आठवण, आणि ‘निदान’, म्हणजे या व्रताच्या बदल्यात पुढच्या जन्मी काही मिळावे अशी इच्छा. यातला दुसरा दोष नीट पाहण्यासारखा आहे. मरण यावे अशी घाई केली की व्रत मोडले. आणि पाचवा दोष तर ‘मृत्यूनंतर काय’ या प्रश्नालाच आडवा जातो, कारण पुढच्या जन्माशी सौदा करायला तिथे मज्जाव आहे. महाराष्ट्राला हे व्रत परके नाही. दिगंबर परंपरेतले आचार्य शांतिसागर यांनी धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली आणि महिन्याहून अधिक काळानंतर, १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला.

वैदिक परंपरेचा कौल मात्र एकमुखी नाही. ईशावास्यात आत्मघात करणाऱ्यांना अंधाराने वेढलेले लोक मिळतात असे म्हटले आहे. ‘आत्महनः’ म्हणजे आत्मज्ञानाला मुकलेले, असा अर्थ करून शंकराचार्यांनी त्याची दिशा बदलली. धर्मशास्त्रात अतिवृद्ध आणि असाध्य रोग झालेल्यांसाठी महाप्रस्थानासारखे, म्हणजे मरेपर्यंत चालत जाण्यासारखे, मार्ग सांगितलेले दिसतात, आणि त्याच धर्मशास्त्राने पुढे त्यांची गणना कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या गोष्टींत, केली. आळंदीला १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी घेतलेली समाधी आपण सोहळा म्हणून साजरी करतो, आणि शेजारच्या घरातल्या वृद्धाने जेवण नाकारले तर डॉक्टरला बोलावतो. दोन्ही योग्यच आहे, असे मला वाटते. त्यामुळे शास्त्राधार शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. हवा तो आधार मिळतो.

कायद्यापुढचे तेच प्रकरण

१९८२ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ लागू होते. आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा होती, आणि कलम ३०६ खाली आत्महत्येला साहाय्य करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत. कागदावर पाहिले तर ८ नोव्हेंबरनंतर त्या खोलीत वावरणारा प्रत्येक जण धोक्यात होता. प्रत्यक्षात राज्याने हात लावला नाही. सोळा वर्षांपूर्वी मुंबईत सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये औषध, अन्न आणि पाणी थांबवले होते. त्या महिन्याच्या २६ तारखेला त्यांचा मृत्यू झाला, आणि तेव्हाही तसेच झाले होते. आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक सावरकरांनी लेख लिहून मांडला होता : जीवन असह्य झाले म्हणून जो ते संपवतो ती आत्महत्या, आणि जीवनकार्य पूर्ण झाल्यावर कृतार्थपणे जो देह ठेवतो ते आत्मार्पण. राजकीय विचारांत दोन ध्रुवांवर असलेली ही दोन मराठी माणसे मरणाच्या बाबतीत एकमेकांच्या इतकी जवळ यावीत, याची नोंद आपल्याकडे पुरेशी घेतली गेलेली नाही. फरकही आहे. सावरकरांच्या मांडणीत पूर्ण झालेल्या कार्याचा अभिमान आहे, तो विनोबांच्या मांडणीत नाही.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले, आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवले : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण त्याच निकालात असाही विचार आला की ज्याच्या बाबतीत नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेली आहे त्याला सन्मानाने मरता येणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग ठरू शकतो. हे वाचताना मला आपले दुसरे क्रियापद आठवले. कायद्याला इतकी वर्षे फक्त ‘सोडणे’ दिसत होते. ‘सुटणे’ दिसू लागले ते इथे. २०११ मध्ये आणि मग २०१८ मध्ये निष्क्रिय दयामरणाला आणि आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय निर्देशांना, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता मिळाली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करण्यात आली. मधेच ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा ३०९ खालचा गुन्हा ठरवला, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. कलम २२६ मध्ये मात्र लोकसेवकाला त्याचे काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा आहे. ही कसोटी विनोबांनाच लावून पाहिली तर मौज होते. एप्रिल १९७९ मध्ये त्यांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण केले होते आणि पाच दिवसांनी, आश्वासन मिळाल्यावर, ते सोडले होते. त्या उपोषणाला मागणी होती आणि समोर सरकार होते. १९८२ च्या अन्नत्यागाला मागणी नव्हती. म्हणजे आजच्या कायद्याने संशयाची सुई १९७९ कडे वळू शकते, १९८२ कडे वळत नाही. मणिपूरच्या इरोम शर्मिला यांना मरायचे नव्हते, आणि तसे त्या सांगतही होत्या. तरीही २००० ते २०१६ या काळात त्यांना पुन्हा पुन्हा ३०९ खाली अटक झाली आणि नाकातून नळीने अन्न दिले गेले. जगू इच्छिणारीला आत्महत्येची आरोपी ठरवले गेले आणि निश्चयाने देह ठेवणाऱ्याला मानवंदना मिळाली. प्रायोपवेशन आणि उपोषण यांच्या बाह्य रूपात काही फरक नसतो, हे मान्य केले तरी या दोन वागणुकींतला फरक टोचतो.

शरीर काय म्हणते

मृत्यूच्या जवळ आलेल्या शरीराची भूक स्वाभाविकपणे मावळते. ज्याला पोषण पेलवत नाही अशा शरीरात नळीने अन्न किंवा सलाइनने पाणी भरले तर सूज, छातीत पाणी साठणे, अन्न श्वासनलिकेत जाणे असे त्रास वाढू शकतात. म्हणून परिहारक सेवेतले, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारे, डॉक्टर नातेवाइकांना सांगतात की माणूस खात नाही म्हणून मरत नाही, मरत आहे म्हणून खात नाही. अन्न थांबल्यावर काही काळाने भुकेची जाणीवही बोथट होते. कोरडे पडणारे तोंड हा मुख्य त्रास उरतो, आणि त्यासाठी ओठ ओले करत राहणे एवढी शुश्रूषा पुष्कळ कामाची ठरते.

आमच्या आजीच्या वेळी हे मला ठाऊक नव्हते. तिने तोंड मिटून घेतले तेव्हा ‘उपाशी कसे ठेवायचे’ या एकाच विचाराने आम्ही नळी घालू दिली, आणि ती काढू नये म्हणून तिचे हात पट्टीने बांधलेले पाहिले. रुग्णालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण संमतीपत्रावर सही माझी होती. तिला काय हवे आहे असे आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते. बोलू शकत होती तेव्हाही नाही.

गंमत अशी की त्याच दिवसांत आम्ही घरी महामृत्युंजयाचा जप लावला होता. त्या मंत्रात काकडीचे उदाहरण आहे : पिकलेली काकडी जशी देठापासून सुटते तसे मला मृत्यूपासून सोडव. म्हणजे मंत्र सुटण्यासाठी होता आणि आम्ही तो धरून ठेवण्यासाठी म्हणत होतो.

या काकडीच्या उपमेने विनोबांचे ते तीन दिवस मला थोडे उलगडतात. काकडी एका क्षणी देठापासून सुटते, पण पिकायला तिने सारा हंगाम घेतलेला असतो. ८ नोव्हेंबरच्या रात्री जे घडले त्याला ‘सोडणे’ म्हणायचे तर ते सोडणे १९६६ पासून, कदाचित १९१६ पासून चालू होते, आणि त्या रात्री जे झाले ते त्या दीर्घ सोडण्याचे सुटणे होते. डॉक्टरांना नाडी सुधारताना दिसत होती, ते खरेच होते. परंतु पिकणे म्हणजे सडणे नव्हे, आणि फळ सुटण्यासाठी त्याने आधी कुजले पाहिजे असे नाही.

या मांडणीवर एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्णपणे परतवता येत नाही. विनोबांभोवती पुष्कळ माणसे होती, दारात डॉक्टर होते, पंतप्रधान अंत्यविधीला आल्या. त्यांनी पाणी नाकारले तेव्हा पाणी देणारे हात पुढे आलेले होते. याउलट कोरडवाहू गावातली एखादी विधवा म्हातारी, औषधाचा खर्च मुलाला झेपत नाही म्हणून, ‘मला भूक नाही’ असे म्हणत ताट सरकवते. तिचेही अन्न सुटले असेच गाव म्हणते. तिने ते सोडले, किंवा तिला ते सोडायला लागले, हे कोणी विचारत नाही. विनोबांच्या मृत्यूचा गौरव जितका मोठ्याने होतो तितके या म्हातारीचे शांतपणे जाणे सोयीचे होत जाते. जैनांच्या पाच दोषांत मरणाची आशा आहे, पण घरच्यांच्या सोयीसाठी मरणे हा दोष त्या यादीत नाही. सूत्रकारांना त्याची कल्पना आली नसेल, किंवा तो व्रत घेणाऱ्याचा नसून घरच्यांचा दोष आहे असे त्यांना वाटले असेल. माझ्यापुरती कसोटी मी अशी ठेवली आहे : नाकारणाऱ्यापुढे ताट खरोखर धरले होते का, आणि ते कितीदा धरले?

पवनारमध्ये ताट सात दिवस धरले जात होते. आमच्या आजीच्या वेळी आम्ही ताट न धरताच नळी घातली. आणि त्या म्हातारीचे ताट, ती उठून गेल्यावर, कोणीतरी मुकाट्याने उचलून ठेवते.